देसाईकाकांची गिअरवाली मसल कार

मंडळी, आज इथे अमेरिकेत शेजारच्या देसाईकाकांबरोबर एक जुनी मसल कार, म्हणजे दणकट इंजिनाची गाडी, बघायला गेले होते. ऑटोमॅटिक पुष्कळ मिळतात, पण कंपनीतूनच क्लच-गिअर घेऊन आलेली गाडी काका चार वर्षं शोधताहेत.

ही तशीच आहे, असं विकणारा म्हणाला. क्लच दाबताना काकांचा चेहरा खुलला.

मी वाकून पाहिलं. ब्रेकचं पेडल ऑटोमॅटिकचं, रुंद होतं. क्लचला जागा करायला एका बाजूने कापलेलं. घरातली पहिली ग्रॅज्युएट असले तरी बाबांच्या गॅरेजात वाढलेय, कापलेलं लोखंड ओळखते.

"काका, गिअर नंतर बसवलेत," विकणाऱ्याला कळू नये म्हणून मी मराठीतच सांगितलं.

काकांनी गाडी घ्यायला नकार दिला. परतताना म्हणाले, "अगं, आधी दोन मैल चालवू तरी द्यायचंस."

खरं लगेच सांगावं असंच मला वाटतं. तुम्ही दोन मैल थांबला असता?