एसीच्या खोलीतलं ग्राफिक्स कार्ड

आमच्या घरात एसी एकच, आणि तो वरच्या मजल्यावर आम्हा नवरा-बायकोच्या खोलीत. लग्न ठरल्यावर सासऱ्यांनी तो बसवून घेतला होता. "सुनेला पुण्याची सवय हाय," असं तेव्हा ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. खरं तर मी कुर्डुवाडीची. वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते आणि क्वार्टरमध्ये आम्हा सगळ्यांत मिळून एक पंखा होता. पुण्यात शिकायला आणि पुढे नोकरीला होते तेव्हाही एसी फक्त ऑफिसात. पण सासऱ्यांचा उत्साह बघून मी काही बोलले नाही.

एसी आमच्या खोलीत असला तरी उन्हाळ्यात तो साऱ्या घराचा असतो, हे मला पहिल्याच वर्षी कळलं. सोलापुरात एप्रिल लागला की दुपारी नळाला येणारं टाकीतलं पाणी चहाला चालेल इतकं तापलेलं असतं. जेवणं झाली, ओटा आवरला, की सासूबाई काखेत चटई घेऊन वर येत. मागोमाग अप्पा, म्हणजे माझे सासरे, उशी आणि पाण्याचा तांब्या घेऊन. नवरा दुकान बंद करून आला की तोही एका कोपऱ्यात आडवा व्हायचा. आमचं भुसार मालाचं दुकान आहे; उन्हाळ्यात दुपारी गिऱ्हाईक नसतं.

सुरुवातीला मला फार अवघडल्यासारखं व्हायचं. आपल्याच खोलीत आपण पाहुणे असल्यासारखं. दाराला कडी घालायची सोय नाही, आणि मी घरूनच नोकरी करते, म्हणजे कामाचं टेबलही तिथंच. मग हळूहळू सवय झाली. मी त्यांच्याकडे पाठ करून कामाला बसे आणि मागे तिघांचे तीन सुरांतले श्वास चालू असत. ऑफिसच्या मीटिंगमध्ये कुणीतरी एकदा विचारलं, तुमच्याकडे बांधकाम चाललंय का. ते अप्पांचं घोरणं होतं.

रविवारी त्याच टेबलावर मी गेम खेळते. माझा कॉम्प्युटर मी पुण्यात असताना एकेक भाग घेऊन जोडला होता. लग्नात तो सामानाबरोबर आला तेव्हा काचेच्या पेटीत फिरणारे पंखे बघून नवऱ्याच्या एका आत्यांनी विचारलं होतं, की हे माशांचं आहे का. त्यातलं सगळ्यात मोठं धूड म्हणजे ग्राफिक्स कार्ड. गेममधली चित्रं पडद्यावर उमटवायचं काम ते करतं. नोकरी सोडून परदेशी निघालेल्या एका सहकाऱ्याकडून मी ते घेतलं होतं. तीन पंख्यांचं, हातभर लांब, आणि वीज पिण्यात पटाईत.

खेळायला बरोबर माझी हॉस्टेलची मैत्रीण असते. ती आता नागपूरला आहे. तिची आई अंथरुणाला खिळलेली, आणि रविवारी दुपारी तिची मावशी येऊन बसते तेवढाच काय तो तिला मोकळा वेळ. आम्ही दोघी हेडफोन लावतो आणि एका डोंगराळ मुलखात घोड्यांवरून हिंडतो. लढाया असतात त्यात, पण आम्ही त्या शक्यतो टाळतो. घोडे चालत राहतात आणि आम्ही बोलत राहतो. फोनवर ती कधी आईबद्दल बोलत नाही. "बरी आहे," एवढंच. घोड्यावर बसली की बोलते.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर आम्ही हा डोंगरांचा गेम नव्यानं घेतला. आधीचा साधा होता. याच्यात गवताची पातीन् पाती हलते, त्यामुळे कार्डाला पूर्ण जोर लावावा लागतो. मला त्याचं काहीच वाटलं नाही. चित्र सुंदर दिसत होतं.

मग एका रविवारी चटया वर आल्या नाहीत.

पहिल्यांदा मला वाटलं, कुणी पाहुणे आले असतील. पुढच्या रविवारीही कुणी आलं नाही. खेळ संपवून मी खाली गेले, तर सासूबाई आणि अप्पा मधल्या बोळात फरशीवर झोपलेले. खिडकीला ओली चादर लावलेली. पंखा गरम हवाच फिरवत होता. अप्पांच्या बनियनची पाठ भिजलेली.

"आई, वर का नाही आलात?" मी विचारलं.

"गुडघे लई दुखतात बघ," त्या उठून बसत म्हणाल्या. "जिना चढायला जिवावर येतंय."

मी ते खरं धरलं. पण कामाच्या दिवशी दोघं वर येत, आणि तेव्हाही गुडघे तेच असत. माझ्या मनात भलतंसलतं यायला लागलं. सून एवढी मोठी झाली तरी गेम खेळते, हे त्यांना पटत नसेल. हेडफोन लावून मी हसते, कुणाशी तरी बोलते, ते विचित्र वाटत असेल. तोंडावर कुणी बोलणार नाही, आमच्या घरात तशी पद्धतच नाही. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "तसं काही नसेल गं. विचार की सरळ." त्याला सगळंच सरळ वाटतं.

शेवटी मी अप्पांना विचारलं. सकाळी ते पेपर वाचत होते आणि सासूबाई समोर भाजी निवडत होत्या.

"अप्पा, माझ्या खेळण्याचा तुम्हाला त्रास होतो का?"

"खेळण्याचा कशाचा तरास," ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "तुझ्या त्या पेटीतनं वाफ येतीय. चुलीम्होरं बसल्यासारखं वाटतंय. आन् ती नेमकी माझ्या पायावर."

"सुम्मनिर्री," सासूबाई म्हणाल्या. त्या अक्कलकोटकडच्या; घरात कुणाला गप्प करायचं असलं की त्यांना कानडी सुचते. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू नको मनावर घेऊ. आठवड्यातनं एकदा खेळतीस. आमी खाली झोपलं म्हणून काय बिघडलं?"

मला आधी हसू आलं आणि मग वाईट वाटलं. मी काय काय समजत बसले होते आणि गोष्ट फक्त उष्णतेची होती. दुपारी गेम चालू ठेवून मी खोलीत अप्पांच्या जागेवर जाऊन आडवी झाले. टेबलाखालून थेट पायावर झोत येत होता. खुर्चीत बसणाऱ्या मला एसीचा वारा मिळायचा आणि चटईवरच्या त्यांना हे.

त्यानंतर जे सुचेल ते करून पाहिलं. पेटी फिरवली, तर झोत सासूबाईंच्या डोक्याशी आला. टेबल खिडकीशी नेलं, तर पडद्यावर ऊन. मग गेमची चित्रं हलकी केली, कार्डाच्या जोराला सॉफ्टवेअरमधून लगाम घातला. त्यानं फरक पडला, पण मग डोंगर धक्के खात सरकू लागले. एसी आणि कॉम्प्युटर दोन्ही चालू असताना वायर तापतीय की काय, ही धास्ती वेगळीच.

नवरा म्हणाला, "खाली दुसरा एसी घेऊ. म्हणजे त्यांची सोय होईल आणि तुला तुझी खोली."

कुणाही सुनेला आवडावं असं ते बोलणं होतं. मी दोन दिवस विचार केला आणि माझ्या लक्षात आलं, की मला ते नको आहे. खाली एसी बसला की चटया पुन्हा कधीच वर येणार नाहीत. मला इतकी वर्षं जी अडचण वाटत होती, तिची मला सवय नव्हे, गरज झाली होती. मागे कुणी झोपलेलं असलं की मला निवांत वाटतं. हॉस्टेलच्या खोलीतही आम्ही चौघी असायचो. एकटीच्या गार खोलीत बसून मी नागपूरच्या एकटीशी बोलावं, हे चित्र काही मला बघवेना.

"कार्ड बदलते," मी म्हणाले.

कार्ड निवडणं म्हणजे काय असतं हे मला माहीत होतं, पण या बाजूनं मी कधी पाहिलं नव्हतं. इंटरनेटवरची सगळी परीक्षणं वेगाबद्दल. किती झपकन चित्र उमटतं, कोण कुणाच्या पुढे. वीज किती लागते हे शेवटी, एका ओळीत. मी आता तिथून, शेवटून वाचायला लागले. कार्ड जेवढी वीज घेतं तेवढीच्या तेवढी शेवटी उष्णता होऊन खोलीत येते. माझं जुनं कार्ड जोरात असताना अडीचशे वॅटच्या वर जायचं. म्हणजे खोलीत चार माणसं आणि एक छोटी शेगडी. नव्या पिढीतली काही लहान कार्डं त्याच्या निम्म्या विजेत जवळपास तेवढंच काम करत होती.

घ्यायला गेले तेव्हा सासूबाई बरोबर होत्या. त्यांना गुडघ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं, कॉम्प्युटरचं दुकान वाटेवरच होतं. दुकानदार बोलका होता. माझं म्हणणं ऐकून त्यानं दोन खोकी काउंटरवर ठेवली.

"मॅडम, हे छोटं तुम्ही म्हणताय ते. पण त्याच किमतीत हे मागच्या वर्षीचं मोठं बसतंय. ताकद जास्त. अजून पाच वर्षं बघायला नको."

मोठ्याचं खोकं मी हातात घेतलं. खरं सांगायचं तर मन तिकडेच ओढलं. जास्त ताकदीचं हातात आलेलं सोडवत नाही, आणि पुढच्या वर्षी आणखी भारी गेम येणार हेही दिसत होतं.

"ह्यातलं कमी तापणारं कुठलं?" सासूबाईंनी स्टुलावरून विचारलं.

"मावशी, मोठं अजिबात तापत नाही. तीन पंखे आहेत त्याला."

"पंखे काय करतात?"

"आतली गरम हवा बाहेर फेकतात."

"बाहेर म्हंजे कुटं?"

दुकानदाराच्या आधी मीच म्हणाले, "खोलीतच, आई."

"म्हंजे ह्यांच्या पायावर," त्या म्हणाल्या. दुकानदाराला काही कळलं नाही, पण आम्हा दोघींना हसू आवरेना. मी लहान कार्ड बांधायला सांगितलं. वाटेत रिक्षात सासूबाई म्हणाल्या, "तुला दुसरं पाहिजे होतं. मला दिसलं की."

"हो," मी म्हणाले. खोटं कशाला बोलायचं.

"मग?"

"हेही चांगलं आहे." मग माझ्या मांडीवरचं खोकं त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतलं, कारण रिक्षा खड्ड्यांतून चालली होती.

कार्ड बसवताना नवऱ्यानं मोबाइलचा उजेड धरला. जुनं काढलं तेव्हा त्याच्या पंख्यांत पुण्यापासूनची धूळ होती. नवं त्या जागेत बसल्यावर पेटी अर्धी रिकामीच दिसायला लागली. अप्पा येऊन बघून गेले. "एवढंसंच? फसवलं न्हाय ना?"

रविवारी जेवणानंतर ते एकटेच वर आले, चटई न घेता. मी खेळायला सुरुवात केली होती. खाली वाकून त्यांनी पेटीमागे तळवा धरला, तवा तापलाय का बघतात तसा, आणि बराच वेळ तसेच राहिले.

"येतीय," ते म्हणाले. "पण सोसवंल."

मग खाली जाऊन चटई घेऊन आले.

सगळं पूर्वीसारखं झालं असं नाही. लांबचे डोंगर आता मला जरा पुसट दिसतात. पलीकडच्या टेकडीवर काही हललं तर नागपूरची मैत्रीण आधी बघते आणि मला सांगते. आणि सासूबाईंच्या गुडघ्यांचं खोटं नव्हतं. कामाच्या दिवशी त्या कळ सोसून चढत होत्या, रविवारी गरमीचं निमित्त मिळाल्यावर खाली राहात होत्या. डॉक्टरांनी जिना कमी करा म्हणून सांगितलं. आता त्या रोज येत नाहीत, रविवारीच येतात, एकेक पायरी चढत, आणि एकदा वर आल्या की चहापर्यंत खाली उतरत नाहीत. बाकीच्या दिवसांसाठी यंदा खाली कूलर घेतला. त्याच्यासमोर त्या एकट्या झोपतात. ते मला अजून बरं वाटत नाही, पण इलाजही नाही.

अप्पा मात्र रोज येतात. हल्ली रविवारी त्यांना लवकर जाग येते. मग ते उशीला टेकून पडद्याकडे बघत बसतात. एकदा मी हेडफोन काढून पाणी प्यायले तेव्हा म्हणाले, "त्या घोड्याला पाणी कधी पाजतीस?"

"अप्पा, त्याला लागत नाही. चित्रातला आहे."

"मघापास्नं बघतोय. उन्हातनं पळवतीस नुसतं."

त्यांना माझं उत्तर पटलेलं नव्हतं, हे दिसतच होतं. मी हेडफोन लावले आणि मैत्रिणीला म्हणाले, जरा थांब, नदीकडे जाऊन येते.

"काय आहे नदीवर?" तिनं विचारलं.

"घोड्याला पाणी पाजायचंय. सासरे म्हणतायत."

ती म्हणाली, "थांब, मी पण येते."

आम्ही दोघींनी घोडे उतरणीवरून खाली नेले आणि पाण्यात उभे केले. त्यांना माना खाली घालता येत नाहीत, तशी सोयच गेममध्ये नाही. नुसते उभे राहिले, पाय बुडवून. मागे सासूबाई झोपलेल्या होत्या. अप्पा बघत होते. मैत्रीण आईबद्दल सांगू लागली, रात्री तिनं कशी हाक मारली ते, आणि आम्ही बराच वेळ तिथून हललो नाही.