बागेतला सदरा

केळीचा चीक कपड्याला लागला की तो डाग जन्मात निघत नाही. अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, सगळ्या सदऱ्यांवर जैनाबादच्या आमच्या बागेतले असे काळपट डाग होते. तो चीक घरभर पसरतोय, असं माझ्या डोक्यात बसलं. हे खोटं आहे हे कळत होतं, तरी कातडी सोलून निघेपर्यंत मी हात धूत होते. लोक म्हणायचे, पोरीला स्वच्छतेची भारी आवड. आवड कसली डोंबलाची!

मला त्रास नको म्हणून अप्पा गोठ्यातच आंघोळ करून, कपडे बदलून घरात येऊ लागले. तेवढ्यापुरतं बरं वाटे आणि भीती आणखी वाढे. शेवटी डॉक्टरांनी अप्पांनाच सांगितलं, "हा ओसीडी आहे. असं सांभाळून घेऊ नका, तिला भीती सोसू द्या."

त्या संध्याकाळी अप्पा बागेतल्या सदऱ्यावरच आले आणि माझ्या खाटेवर बसले. मी किंचाळले, रडले, पण नळाकडे गेले नाही. अप्पाही उठले नाहीत.

हल्ली ते सदरे मीच धुते. अप्पा मात्र स्वतःच्या घराच्या उंबऱ्याशी अजून थांबतात आणि विचारतात, "येऊ का, बेटा?"