वहिनीची मिश्री

आमच्या बिबवेवाडीच्या घरात आई आणि वहिनी यांचं एरवी कशावर पटेल तर शपथ. पण सकाळी मिश्रीच्या डबीपाशी दोघींची युती. बोटाने दात घासत अर्धा तास बसायच्या. आई तंबाखू तव्यावर भाजायची तेव्हा खालचे काका शिंकत वर यायचे.

वहिनीला सातवा लागला आणि सोनोग्राफीत बाळाचं वजन कमी आलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तंबाखू, सिगारेट, दारू?" वहिनी असली भडकली! "अहो, आम्ही तसल्या घरातल्या वाटलो का?"

मी नणंद, मला कुठलं राहवतंय? "दात कशाने घासतेस तेही सांग की!"

वहिनीने मला करकचून चिमटा काढला. "मिश्रीने. दाताला लावते, खात नाही काही."

"अहो, ती तंबाखूच. हिरड्यांतून रक्तात उतरते. बाळाला रक्तपुरवठा कमी होतो, त्याची वाढ खुंटते. आजपासून बंद करा."

वहिनीचा चेहरा खर्रकन उतरला.

घरी आई म्हणाली, "काही होत नाही! माझी तिन्ही पोरं मिश्रीवरच झाली. घोड्यासारखी आहेत." त्यातला एक घोडा मी, दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत धापा टाकणारा.

मग मी पहारा सुरू केला. रोज सकाळी, "आ कर." वहिनी रडकुंडीला यायची. डोकं ठणकतंय, पोट साफ होत नाही, एवढीशी लावू दे ना गं! डबी आधी तांदळात सापडली, मग चक्क देव्हाऱ्यात, बाळकृष्णामागे. आणि लपवणारी कोण? आमच्या मातोश्री!

रंगेहाथ पकडल्यावर त्यांचं सुरू झालं, "अगं, माझी तिन्ही पोरं..."

"आई," वहिनी हळूच म्हणाली, "आणि ह्यांच्या आधीचं?"

आई देव्हाऱ्यापुढेच बसली. घरात त्या बाळाचा विषय कुणी काढत नसे.

"एवढंसं होतं," आई म्हणाली. "ओंजळीत मावायचं. मिश्रीनंच गेलं का, आता कोण सांगणार?" मग उठली आणि डबी मोरीत रिकामी केली.

दुसऱ्या दिवसापासून दोघी तोंडं वाकडी करत पेस्ट लावू लागल्या. "नुसता फेस! ह्याला काय दात घासणं म्हणतात?" आई करवादायची, पण घासायची.

वहिनी बाळंत झाली तेव्हा नर्स बाळाला घेऊन बाहेर आली. मुलगा की मुलगी, आईने विचारलंच नाही.

"वजन किती आहे हो?" ती म्हणाली.

"छान आहे, आजी."

आई तिथेच बाकावर बसली आणि हमसून हमसून रडली.