किल्लेदार जिवंत असलेली कादंबरी

धरणगावच्या वाचनालयात त्या ऐतिहासिक कादंबरीचा दुसरा भाग आला, तेव्हा तो ठेवायचा कुठे यावरच आधी बैठक झाली. इतका जाड ग्रंथ काचेच्या कपाटात मावत नव्हता. पहिला भाग येऊन बरीच वर्षं झाली होती. गोष्ट यादवांच्या पडत्या काळातली. पहिल्या भागाच्या शेवटी एक म्हातारा किल्लेदार वेढ्यात अडकला होता, आणि गावातले निम्मे वाचक एवढी वर्षं त्याच्यासोबत अडकून पडले होते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी नुकताच तिथल्या कॉलेजात शिकवायला लागलो होतो आणि संध्याकाळी वाचनालयात बसायचो. गावात दुसरीकडे बसायला पंखा नव्हता.

होळीपर्यंत वाचकांचे दोन पक्ष पडले. एकाचे पुढारी निवृत्त हेडमास्तर. त्यांच्या मते पहिला भाग म्हणजे साहित्य आणि दुसरा म्हणजे नुसता कत्तलखाना, चार पानं उलटली की एक चिता. दुसरा पक्ष कापसाच्या एका दलालाचा. त्याला पहिल्या भागातल्या चांदण्यांचा आणि फुलांचा कंटाळा आला होता. आता कुठे खरी लढाई वाचायला मिळाली, असं त्याचं म्हणणं. "हेडमास्तर, लढाईत माणसं मरणारच," तो म्हणायचा. "तिथे काय तुमचं स्नेहसंमेलन होतं?" एका बाबतीत मात्र दोघांचं जमत असे. किल्लेदार स्वतः दरवाजा उघडायला उतरतो आणि आपल्याच माणसाच्या बाणानं पडतो, ते पान निघालं की दलालही खिशात उगाच काहीतरी शोधायचा.

मी राहत होतो त्या खोलीच्या भिंतीला लागून आबांचं घर. आबा कापूस पिकवणारे, कमी बोलणारे, पण पहिला भाग त्यांनी तीनदा वाचला होता. त्यांनी जन्मात पाहिलेला किल्ला एकच, मुलीच्या सासरचा, सोनगीरचा. त्यामुळे कादंबरीतला किल्लाही त्यांच्या लेखी तोच होता आणि किल्लेदार जवळपास व्याही. त्यांचा एक डोळा आधीच गेला होता. त्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आठवडा उलटायच्या आत भाऊ वारला, आबा पोटभर रडले आणि डोळा नासला. डॉक्टरांनी कारण वेगळं सांगितलं असेल, पण घरात ते असंच ठरलं होतं. आता धुळ्याला दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. वाकायचं नाही, खोकायचं नाही, डोळ्याला पाणी येऊ द्यायचं नाही, असं बजावून डॉक्टरांनी घरी पाठवलं. उरलेला डोळा तेवढाच.

अशा अवस्थेत आबांनी दुसऱ्या भागाची मागणी केली. अक्का, म्हणजे त्यांची बायको, श्रावणात दरवर्षी आळीतल्या बायकांना पोथी वाचून दाखवायची. ती आता दुपारी ओसरीवर बसून पोथीच्याच चालीत कादंबरी वाचू लागली. पोथी वाचायचा तिचा एक नियम होता. त्या दिवसाचं वाचन कोणाच्या मरणावर थांबवायचं नाही, पुढे चांगलं काही येईपर्यंत वाचत राहायचं आणि मग पुस्तक बांधायचं. या कादंबरीत तो नियम पाळायचा तर वाचता वाचता रात्र झाली असती.

मी भिंतीपलीकडून ऐकायचो. एका दुपारी ते पान आलं. दरवाजा उघडला, बाण सुटला. अक्काचा आवाज क्षणभर अडला आणि पुन्हा त्याच चालीत सुरू झाला. बाण दरवाजाला लागला होता. किल्लेदार घरी आला, त्यानं हातपाय धुतले आणि ज्वारी-उडदाच्या पिठाची, कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत खाल्लं. भरतात हिरव्या मिरच्या होत्या. मिरची आपल्याकडे त्यानंतर काही शतकांनी आली, हे मला माहीत होतं. पण भरीत इतकं चांगलं झालं होतं की मी ते मनातच ठेवलं. संध्याकाळी अंगणात भेटल्यावर मी अक्काकडे नुसतं पाहिलं. ती हळूच म्हणाली, "आधी डोया बरा व्हऊ दे, भाऊ. मंग मारसू त्याले."

त्याच सुमारास वाचनालयानं या वादावर जाहीर परिसंवाद ठेवला. धुळ्याहून पाहुणे आले. शाल, नारळ आणि बिल्ले झाले. समई पंख्याच्या वाऱ्यानं पुनःपुन्हा विझली, तेव्हा पंखा बंद केला आणि सगळे विद्वान घामाघूम झाले. पाहुण्यांनी दोन्ही भागांचं कौतुक केलं, यावरून त्यांनी एकही वाचला नसावा. मग कोणीतरी सर्वांत जुने सभासद म्हणून आबांना बोलायला उभं केलं. डोळ्यावर हिरवी झापड, हातात काठी.

"माले पटनं नही," आबा म्हणाले. "लेखक म्हातारा व्हई गया. इतल्या लढाया, पन मरस कोनी नही. बठ्ठा लोके घर येतस आन जेवतस." मग काठी दुसऱ्या हातात घेत ते म्हणाले, "पन किल्लेदार वाचना, ते बरं जयं."

सभेत कुजबुज सुरू झाली. हेडमास्तर उठले. चुकीचं विधान ऐकून बसून राहणं त्यांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं, आणि हातात त्यांनी खुणा घातलेला ग्रंथच होता. ते पान काढू लागले. बायकांच्या रांगेत अक्का अर्धवट उभी राहिली आणि तिनं फक्त मान हलवली. नाही, अशी. हेडमास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मग आबांच्या हिरव्या झापडीकडे. पहिल्या डोळ्याची हकिगत गावात सर्वांना ठाऊक होती.

"आबांचं बरोबर आहे," हेडमास्तर म्हणाले. "या भागात लेखक फारच मवाळ झालाय."

ते खाली बसले. दलालाला बोलायची याहून चांगली संधी पुन्हा मिळणार नव्हती. त्यानं घसा खाकरला आणि किल्लेदाराचं ते भरीत आपल्यालाही आवडल्याचं सांगितलं. भरताचं त्याला कोणी सांगितलं, हे मला आजवर कळलेलं नाही. बहुधा आबांनीच.

डोळा वाचला. पावसाळ्याच्या तोंडावर आबांना जाड भिंगांचा चष्मा मिळाला आणि त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर वाचनालयातून दुसरा भाग घरी नेला. आपली चोरी आता उघडी पडणार, या धास्तीनं अक्का त्या दिवसांत माझ्याशी नीट बोलत नव्हती.

काही दिवसांनी आबांनी ग्रंथ परत आणून टेबलावर ठेवला. आत कडब्याची एक काडी खूण म्हणून राहिली होती. मी ते पान उघडलं. किल्लेदार दरवाजाकडे निघालेला होता. बाण पुढच्या पानावर होता. नेमकं तिथेच थांबायचं तर माणसाला आधी पुढचं पान उलटून पाहावं लागतं.

"वाचून झालं, आबा?" मी विचारलं.

आबांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला.

"पुढलं मी आयकेल शे," ते म्हणाले, आणि काडी तेवढी मागून घेतली.