गाडीवान पडल्यावर

नर्सच्या नोकरीत दुसरं काही साठो न साठो, किस्से साठतात. चहाला बसलं की एकीला एक आठवतो, त्यावरून दुसरीला दुसरा. सत्तरच्या दशकात मी परभणीला सरकारी दवाखान्यात होते, आणि माझे बहुतेक किस्से डोक्याला मार लागलेल्यांच्या वॉर्डातले. हसू आलं तर हसा बापहो. आम्हीही हसायचो, नाहीतर वेड लागलं असतं.

*

तिथं ज्याचा त्याचा एकच सवाल, "धुगधुगी हाय का?" कारण धुगधुगी आहे तोवरच माणूस घरी न्यायचा. एस.टी.त मढं घेत नाहीत!

पाथरीच्या गाडीत दोन भाऊ म्हाताऱ्या बापाला मधे धरून बसले. कंडक्टरला शंका आली. म्हातारबा बोलत का नाहीत, म्हणून त्यानं विचारलं.

थोरला म्हणाला, "रुसलेत."

कंडक्टरनं मुकाट्यानं तिसरं तिकीट फाडलं.

*

आमचा वॉर्डबॉय कोंडिबा लय बोलका. परदेशात मेलेल्याचं काळीज काढून जित्या माणसाला बसवतात, ही बातमी त्यानं कुठूनतरी ऐकली आणि दवाखानाभर केली. झालं! पेशंट छातीवर हात ठेवूनच ऑपरेशनला यायला लागले. पालमचा एक पाटील टेबलावर झोपल्यावर माझा हात सोडीना.

"बाई, निस्ता हर्नियाच काढनार न्हवं?"

*

शेवटी डॉक्टरांनी कोंडिबाला समोर बसवलं. मेंदू मेला तरी काळीज थोडा वेळ चालतं, पण ते धड राहतंच असं नाही, असं समजावलं. "गाडीवान पडला की बैल आधी उधळतात, मग दमून थांबतात. डोकं गेलं की काळजाचं तसंच होतं. आधी नको तेवढं पळतं, आणि त्यातच खराब होतं. तसलं काळीज दुसऱ्याला बसवून काय उपयोग?"

कोंडिबानं बराच विचार केला. "मंग सायेब, आपल्या आफिसातली मानसं डोकं नसून बी इतकी वर्सं कशी चालायलीत?"

डॉक्टर त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

*

पूर्णेच्या रेल्वे यार्डात वॅगनवरून पडलेला मिलिंद आला, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. तरणाताठा पोरगा. श्वास थांबलेला, म्हणून आम्ही तोंडाला रबरी पिशवी लावून आळीपाळीनं हातानं दाबत होतो. डोळ्यावर बॅटरी मारली तरी बाहुली हलत नव्हती. सोबत एकटी आई, कौसाबाई.

दुपारी त्याची नाडी एकदम धावायला लागली. छाती उडताना लांबून दिसत होती. कौसाबाई बाहेर पळाली, भेटेल त्याला लेकरू माघारी आलं म्हणून सांगत सुटली, आणि साऱ्या वॉर्डाला चहा पाजला. मला माहीत होतं ते धावणं कसलं आहे. माझा चहा खिडकीत ठेवून मी पिशवी दाबायला बसले.

दिवस कलताना नाडी मंदावली. डॉक्टरांनी तिला तीच बैलांची गोष्ट सांगितली, अगदी हळू आवाजात. तिनं सगळं ऐकून घेतलं. काळीज बदलता येतं म्हणे, मग डोकं बदलता येतं का, एवढंच विचारलं. ते नाही येत, माय, असं डॉक्टर म्हणाले.

तिनं पोराच्या छातीवर हात ठेवला.

"गाडीवानच पडलाय न्हवं? मंग मला बसवा गाडीवर. बैल माझ्या वळखीचे हायत."