शिटी वाजली आणि दीर ताटावरून उठला

लूमच्या खडखडाटात हाक ऐकू येत नाही, म्हणून आमच्या कारखान्यात माणसाला शिटीने बोलावत. आमची खोली कारखान्याला लागूनच. हे तिथे कामाला, माझा धाकटा दीरही तिथेच. फार थट्टेखोर. "वहिनी, ही भाकरी की दगड?" म्हणायचा आणि चार खायचा.

कारखान्याचे मालक नगरपालिकेतले मोठे माणूस. सगळे त्यांना साहेब म्हणत. त्यांनी वज्रेश्वरीच्या बाजूला तरुण पोरांसाठी शिबिर लावलं, तिथे दीर पावसाळाभर राहिला. परत आला तो वेगळाच. सांगितल्याशिवाय जेवायला बसेना, काही विचारलं की म्हणे, "साहेब सांगतील तसं." सासूबाई खूश. म्हणाल्या, "बघ, पोराला वळण लागलं."

त्याच सुमारास कामगारांच्या आग्रहावरून आमचे हे साहेबांच्या विरोधात निवडणुकीला उभे राहणार होते.

एके संध्याकाळी दोघे भाऊ जेवत होते. बाहेर शिटी वाजली. एक लांब, दोन आखूड. कारखान्यात अशी शिटी मी कधी ऐकली नव्हती. दीर उठला. हात खरकटाच. फळीवरचा जुना धोटा त्याने घेतला. लूममध्ये सूत घेऊन धावतो तो, लाकडी, दोन्ही टोकांना लोखंड लावलेला. त्याने तो ह्यांच्या उजव्या हातावर मारला. मग परत मारला. चेहऱ्यावर राग नव्हता.

पुन्हा शिटी वाजली. तो थांबला, ताटावर बसला आणि म्हणाला, "वहिनी, आमटी वाढ."

दुसऱ्या दिवशी साहेब सफरचंदं घेऊन दवाखान्यात आले. परक्या पुरुषापुढे मी कधी बोलले नव्हते, तरी बोलले, "शिटी वाजली होती."

साहेब हसले. "वहिनी, भिवंडीत शिट्टी कुठे वाजत नाही? भावाभावांचं भांडण, मिटवून टाका."

ते गेल्यावर हे भिंतीकडे बघत म्हणाले, "मी उभा राहत नाही."

संध्याकाळी दीर डबा घेऊन आला. ह्यांचं प्लास्टर पाहून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते नाटक होतं का, मला आजही सांगता येत नाही.

"दादा, कोणी मारलं तुला? नाव सांग, जिवंत सोडणार नाही."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पडलो रे," हे म्हणाले, "जिन्यावरून."

दिराने डबा उघडला आणि स्वतःच्या हाताने त्यांना घास भरवू लागला.