भाकरी आता हे थापतात

लोहगडवाडीत गडाच्या वाटेवर आमची टपरी आहे. गड चढणाऱ्यांना पिठलं-भाकरी द्यायची, एवढाच धंदा. माझा सगळा संसार चुलीपुढे गेला. विडी कधी ओढली नाही, पण धूर रोज छातीत भरून घेतला. पन्नाशी उलटली आणि पाण्याचा हंडा उचलला तरी धाप लागू लागली.

लोणावळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी नळीत जोरात फुंकायला लावून तपासलं. म्हणाल्या, "मावशी, फुप्फुसं पहिल्यासारखी होणार नाहीत. आहेत तेवढी मात्र सांभाळता येतील. हा तोंडानं ओढायच्या औषधाचा पंप रोज घ्यायचा, बरं वाटलं तरी. आणि चुलीपुढे बसणं बंद."

घरी जाऊबाईंनी पंप पाहिला. "नगं घेऊ बाई. एकदा लागला की सुटत न्हाई."

"न्हाई सुटला तर न्हाई. तुमचा चष्मा कुटं सुटलाय?" मी म्हटलं.

पण गुण येईना. पुन्हा दवाखान्यात गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी समोरच पंप घ्यायला लावला. मी दाबत होते आधी, श्वास घेत होते नंतर. औषध सगळं जिभेवर. त्यांनी पंपाला लावायचं प्लॅस्टिकचं नळकांडं दिलं, सावकाश ओढून श्वास धरायला शिकवलं. हळूहळू छातीतली घरघर कमी झाली.

टपरीत गॅस आणला. पण भाकरी थापतानाही मला दम लागायचा. एके सकाळी हे परातीसमोर येऊन बसले. "सरक. मला दाव कसं करत्यात."

पहिली भाकरी हातातच फाटली. शेजारचे टपरीवाले हसले. हे मान खाली घालून दुसरी थापत राहिले.

पुण्याहून आलेल्या घोळक्यातल्या एकाने विचारलं, "चुलीवरची नाही का?"

"हाय की! फुंकायला तुमी बसा. माझं फुंकून झालं."

ती सगळी हसली आणि गॅसवरचीच खाऊन गेली. काही जण पुढच्या टपरीवर जातात. जाऊ देत.

आता मी ऑर्डर घेते, पिठलं वाढते. दुपारी गर्दी ओसरली की गडाच्या वाटेनं चालते, ओठ आवळून श्वास सोडत, थांबत थांबत. गेल्या वर्षी पहिल्या दरवाजापर्यंत जायचे, यंदा त्याच्या अलीकडेच थांबते. सांभाळलं तरी दम थोडा थोडा कमी होत जाईल, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं.

परवा शेजारीण म्हणाली, "कशाला दमवतीस जिवाला?"

"बसून राहिले तर लवकर दमंन," म्हटलं, आणि पदर खोचून पायऱ्यांकडे निघाले.